साऱ्या गावाचे मेसेज माझ्या फोनवर

आमच्याकडे विजेला वीज कोणी म्हणत नाही, लाइन म्हणतात. लाइन आली, लाइन गेली, लाइन कवा सोडता जी. ही लाइन सोडणारा जो माणूस असतो, तो मी होतो. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, महागाव आणि उमरखेडच्या मध्ये, एका उपकेंद्रात मी ऑपरेटर म्हणून आयुष्य काढलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत, आणि आपल्याबद्दल छापून आलेलं खात्यात कोणाला मानवत नाही, मग ते चांगलं का असेना.

निवृत्त माणूस आठवणी लिहायला बसला की पहिला दिवस, पहिली बदली, निरोपाची शाल असं सगळं ओळीने येतं. शाल मलाही मिळाली. बायकोने ती कपाटात ठेवली आहे आणि दर हिवाळ्यात ती काढायची राहते. त्यातलं मी काही लिहिणार नाही. मला एकाच घराबद्दल लिहायचं आहे, आणि त्या घराचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. तेव्हा दिवाळीच्या दिवसांत कडू बोललो तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आधी धंदा समजावून सांगतो. उपकेंद्र म्हणजे विजेचा एस.टी. स्टँड समजा. मोठी लाइन तिथे येऊन उतरते आणि मग गावोगावी फाटे फुटतात. एकेका फाट्याला फीडर म्हणायचं. घरांचा फीडर वेगळा, शेतातल्या मोटारींचा वेगळा, जिनिंगचा वेगळा. प्रत्येक फीडरला एक ब्रेकर, म्हणजे भलंमोठं बटणच. तारेवर फांदी पडली की ब्रेकर आपोआप पडतो. ऑपरेटरने थोडं थांबायचं, एकदा सोडून बघायचं. टिकली तर देव पावला, नाही टिकली तर लाइनमनला पिटाळायचं. लाइनमन खांबावर चढण्याआधी माझ्याकडून परवानगी घेणार, आणि काम झाल्यावर स्वतःच्या तोंडाने सांगणार, “भाऊ, मी उतरलो, सोडा.” दुसऱ्याच्या तोंडचा निरोप मी कधी घेतला नाही. सरपंचाने फोन केला तरी नाही. आवाज त्याचाच पाहिजे. माझ्या हातून सोडलेल्या लाइनने एकही माणूस गेला नाही, हे मी कुठेही छाती पुढे काढून सांगेन.

लोकांना वाटतं ऑपरेटर खुर्चीत बसून बटणं दाबतो. बसतो, हे खरं. पण बसल्या जागी त्याला सगळं गाव दिसतं. समोर प्रत्येक फीडरचा मीटर असतो, त्यावर काटा. पहाटे काटा हलला की समजायचं, पाणी तापवणं सुरू झालं. सकाळी उसळी मारली की सुदामची पिठाची चक्की लागली. आणि दिवाळीपासून होळीपर्यंत जिनिंगच्या फीडरचा काटा उजवीकडे जाऊन बसायचा, तो खाली यायचं नाव घ्यायचा नाही. कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागायच्या. गाडीवाले बाप्ये उपकेंद्राच्या नळावर तोंड धुवायला यायचे आणि भावाबद्दल शिव्या देऊन जायचे.

मग बोंडअळीची वर्षं आली. वरून हिरवंगार दिसणारं बोंड आतून पोखरलेलं. त्यानंतर कधी अळी, कधी भाव, कधी दोन्ही. भाव वाढेल या आशेने लोकांनी कापूस घरातच ठेवला. माणसांच्या खोल्यांत कापूस आणि माणसं ओसरीवर. पोरांच्या अंगाला खाज. पेपरात याबद्दल खूप आलं, भाषणंही झाली. मला ते काट्यावर दिसलं. जिनिंगचा काटा एका हंगामात अर्ध्यावर, पुढच्या हंगामात त्याहून खाली, आणि एका दिवाळीनंतर तो शून्यावरून उठलाच नाही. मीटर बिघडला असेल म्हणून मी काचेवर टिचकी मारून पाहिली. मीटर चांगला होता.

त्या जिनिंगमध्ये गफ्फार चाचा फिटर होते. सरकी आणि रुई वेगळी करणारी यंत्रं, त्यांचे चामड्याचे रोलर, त्यांवरच्या खाचा, हे सगळं त्यांच्या हातचं. यंत्राच्या आवाजावरून कोणता रोलर झिजला ते सांगायचे. आमची ओळख ब्रेकरमुळे झाली. एकदा ऐन हंगामात ब्रेकरची स्प्रिंग अडकली, दुरुस्तीवाले पुसदहून यायला संध्याकाळ होणार होती, आणि फाटकाबाहेर जिनिंगचा मालक माझ्या नावाने ओरडत होता. मागची लाइन बंद करून मी डोक्याला हात लावून बसलो होतो, तर हा उंच माणूस, भुवयांवरसुद्धा रुई, पाना घेऊन आत आला.

“हटजा बाबू. तुमची मशीन अन् माही मशीन, दोघींले तेलच लागते.”

बाहेरच्या माणसाला आत घेणं नियमात बसत नाही. मी घेतलं. त्यांनी स्प्रिंग सोडवली, तेल सोडलं, आणि जाताना चहासुद्धा घेतला नाही, कारण त्यांचा रोलर थांबला होता. पुढे मात्र चहाला रोज यायला लागले. माझं आडनाव राऊत, पण तोंडावर मला कधी राऊत म्हणाले नाहीत. समोर बाबू, आणि माझ्या पाठीमागे ‘आपला राऊत’.

जिनिंग बंद पडल्यावर चाचा घरी बसले आणि तेव्हाच त्यांची छाती बोलायला लागली. आधी खोकला, मग दम, मग मोरीपर्यंत जायचं तरी भिंत धरून. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. परत आल्यावर त्यांनी मला हसत हसत सांगितलं, “बाबू, जिंदगीत बिडीले हात नाई लावला मी. अन् डॉक्टर विचारते, दिवसाले किती ओढत होते? म्या म्हटलं, साहेब, रुई ओढली. खूप ओढली.”

मला हसू आलं नाही. जिनिंगचा मालक तोवर नांदेडला जाऊन दुसऱ्या धंद्याला लागला होता. फुफ्फुसात गेलेल्या रुईची भरपाई कोणाकडे मागायची?

डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं यंत्र ठेवायला सांगितलं. विजेवर चालतं, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीने नाकात सोडतं. मुलगी नसीम गावातल्या बायकांचे कपडे शिवते. आई लहानपणीच गेलेली, घरात बाप आणि लेक दोघंच. तिने शिलाईच्या पैशांतून आणि नातेवाइकांकडून गोळा करून जुनं यंत्र आणलं. त्या दिवसापासून चाचांचा श्वास माझ्या घरगुती फीडरवर आला. हे मी सजवून लिहीत नाही, खरोखर तसंच होतं.

एक इन्व्हर्टर होता. त्याची बॅटरी थकलेली, यंत्र कसंबसं अर्धा तास चालायचं. जास्त वेळ लाइन जाणार असेल तर शेजारच्या मोठ्या गावातल्या दवाखान्यातून ऑटोवर सिलिंडर आणावा लागे. तो आणायला निरोप, ऑटो, रस्ता धरून अर्ध्या तासाहून जास्तच वेळ जायचा. म्हणजे सगळा खेळ एकाच गोष्टीवर होता. लाइन जाणार आहे हे आधी कळलं पाहिजे, आणि किती वेळ जाणार आहे हेही.

ते मी कळवायचो. दुरुस्तीसाठी लाइन बंद करायची असली की आधी नसीमला फोन. “नसीम, आज दुपारभर नाही,” असं म्हटलं की ती लगेच ऑटोवाल्याला सांगायची. नंतर सुदाम चक्कीवाल्याला फोन, त्याच्याकडे दळणाला आलेल्या बायांकडून उरलेल्या गावाला आपोआप कळायचं. फांदीबिंदी पडून लाइन गेली तर मी फोन करत नसे, कारण ती दोन मिनिटांत यायची. तसं त्या घराला ठाऊक होतं. फोन आला तर मोठं काम, फोन नाही आला तर बसा, आत्ता येते. कोणी ठरवून केलेला नियम नव्हता हा. आपसूक पडत गेला.

वरून भारनियमनाचा हुकूम आला की मात्र पंचाईत. कोणता फीडर किती तोट्यात आहे ते पाहून वरचे हुकूम देत, आणि आमच्या गावात आकडे टाकून वीज घेणारे होतेच, त्यामुळे आमचा नंबर कायम पुढे. आकडा टाकणारा एक, आणि अंधार सगळ्यांना. वरून फोन, “राऊत, काढा ताबडतोब.” मी “हो साहेब” म्हणायचो आणि नसीमला फोन लावायचो. सिलिंडर पोचला असं तिने सांगितलं की मगच ब्रेकर पाडायचो. तोवर साहेब तिकडून ओरडत असायचे. एकदा मला विचारलं, “तुमचा हात इतका जड का आहे?” मी म्हटलं, “ब्रेकर जुना आहे साहेब, चिकटतो.” याची मला अजिबात शरम नाही.

आता मोबाइल नंबरांची गोष्ट. कंपनीने ठरवलं की प्रत्येक ग्राहकाचा मोबाइल नंबर नोंदवायचा, म्हणजे बिल, सूचना, सगळं मेसेजवर जाईल. उपकेंद्राच्या आवारात मंडप टाकून शिबिर भरलं. पुसदहून आलेला एक मुलगा टेबलावर बसला आणि रांग लागली.

पहिली अडचण अशी की मीटर ज्याच्या नावावर, तो माणूस बहुतेक घरांत जिवंतच नव्हता. आमच्याकडे मीटर आज्याच्या नावावर असतो. आज्या गेला तरी राहतो. नाव काढायचं म्हटलं तर भावाभावांत हिश्शाचा विषय निघतो, आणि बापाचं नाव घरावरून पुसल्यासारखं वाटतं ते वेगळंच. गफ्फार चाचांचा मीटरसुद्धा त्यांच्या अब्बांच्या नावावर. दुसरी अडचण, नंबर कोणाचा द्यायचा? कोणाचा फोन पोराकडे, कोणाचं सिम दर उन्हाळ्यात बदलतं, कोणाला वाटे नंबर दिला की बँकेतून पैसे जातात.

रांगेतल्या पहिल्या म्हाताऱ्याने, शिबिरात बसलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं. “यायचाच नंबर टाका ना! लाइन तं हेच सोडते. मले मेसेज येऊन मी काय करू? मले वाचता येते काय?”

मागच्याला ते पटलं. त्याच्या मागच्यालाही पटलं. टेबलावरच्या मुलाला रकाने भरल्याशी मतलब, त्याने माझा नंबर टाकायचा सपाटा लावला. नसीमला वाचता येत होतं, तरी तीही म्हणाली, “काका, तुमचाच राहू द्या. मशीनवर बसली की मले मेसेजचं टिंग ऐकू येत नाई. तुमचा फोन वाजला तं उठीन तरी.”

मी हसून हो म्हटलं. गावाने आपल्या भरवशाच्या माणसाचा नंबर दिला, याला मी आजही चूक मानत नाही. कोणी मानत असेल तर त्याने एकदा त्या रांगेत उभं राहावं.

त्यानंतर काही वर्षांत सगळं स्मार्ट व्हायला लागलं. खांबांवर डबे बसले, डब्यांत सिम. घराघरांत नवे मीटर, ते आपला आकडा स्वतःच वर कळवणार. आणि शेवटी आमचं उपकेंद्र दूरवरच्या नियंत्रण कक्षाला जोडलं गेलं. तिथे बसलेला माणूस पडद्यावर बोट ठेवणार आणि आमच्या इथला ब्रेकर पडणार. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या खुर्चीवर दुसरं कोणी आलं नाही. खोलीला कुलूप लागलं, फाटकावर एक चौकीदार ठेवला.

खरं सांगायचं तर सगळं वाईट नाही. पूर्वी तार तुटली कुठे हे शोधायला लाइनमन भर पावसात मैलोन्‌मैल तारेखालून चालायचा. आता डबा सांगतो, अमुक खांबापासून तमुक खांबापर्यंत. एका लाइनमनच्या तरी पायांची झीज वाचली. तेवढं श्रेय देऊन टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा.

मी पुसदला मुलाकडे राहायला आलो आणि माझा फोन वाजायला लागला. गावातल्या त्या सगळ्या घरांचे मेसेज मला. प्रिय ग्राहक, आपला वापर वाढला आहे. प्रिय ग्राहक, आपला पुरवठा उद्या बंद राहील. प्रिय ग्राहक, आपण आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का? बायको म्हणायची, “निवृत्त झाले तुम्ही, का आणखी चिकटले?” मी आरामखुर्चीत बसून सगळ्या गावाचा प्रिय ग्राहक झालो होतो.

पण काम सोपं झालं असंही मला वाटलं. बंदचा मेसेज आला की मी नसीमला फोन करायचो, मग सुदामला. उपकेंद्रात बसून करत होतो तेच पुसदहून. ब्रेकर तेवढा माझ्या हातात राहिला नव्हता. आता कोणाचा सिलिंडर पोचायचा आहे म्हणून थांबा, असं पडद्यावर बोट ठेवणाऱ्याला सांगायची सोय नव्हती. तरी आधी कळत होतं, एवढंही पुष्कळ होतं.

लोकांचे फोनही चालूच होते. शांताबाई नावाच्या एका म्हातारीचा एकदा रागारागाने फोन आला. तिच्या घराचा नंबर मात्र पुण्याच्या मुलाचा होता, आणि त्याने मोबाइलवर कंपनीचं ॲप घेतलं होतं. त्यात कोणत्या वेळी किती वीज जळली ते दिसतं.

“भाऊ, पोरगं पुण्याहून फोन करून विचारते, आई, दुपारी कूलर काहून लावला होता? म्या म्हटलं, बाप्पा, इथं ऊन मले लागते का तुले? आता कूलर लावाले भेव वाटून राह्यलं. तुमी त्या मीटरचं तोंड बंद करता का?”

मीटरचं तोंड बंद करता येत नाही असं मी तिला सांगितलं. मुलगा वाईट नव्हता, बिल तोच भरायचा. पण मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात म्हातारी आई बंद कूलरसमोर बसते आणि पुण्यात मुलाला वापर कमी झाल्याचा हिरवा बाण दिसतो, याला स्मार्ट म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मग एक दिवस माझा फोन शांत झाला. लगेच लक्षात आलं नाही. दोन-चार दिवस गेल्यावर बायकोच म्हणाली, “तुमच्या गावाला लाइन अखंड येऊन राह्यली वाटते.” मलाही तसंच वाटलं. नवी यंत्रणा रुळली असेल, बंद ठेवायची पाळी येत नसेल. मनातून थोडं बरं वाटलं, थोडं वाईटही वाटलं. मी तिला म्हटलं, “सुधारलं की आमचं खातं.”

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी सुदामचा फोन आला. चाचा गेले. दुपारी लाइन गेली ती सांजेपर्यंत आली नाही. सिलिंडर पोचला, पण तोवर उशीर झाला होता.

मी सुदामला एकच विचारलं, “किती वेळाचं बंद होतं?”

“दुपारभराचं. खांबायवर नवे डबे लावाचे होते म्हणे. तुमाले नाई का मेसेज?”

नाही. मला मेसेज नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघालो. खरं म्हणजे सरळ चाचांच्या घरी जायला हवं होतं. दफन रात्रीच झालं होतं, नसीमला भेटायला हवं होतं. पण मी आधी कंपनीचं ऑफिस गाठलं. कोणाची तरी मान धरायची होती, आणि ती धरूनच त्या घरी जायचं होतं.

तिथला साहेब तरुण, नागपूरकडचा. माणूस म्हणून चांगला. मला पाहून उठून उभा राहिला, पाणी दिलं. मी सगळं सांगितल्यावर त्याने कॉम्प्युटरवर शोधलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

“काका, तुमचा एकच नंबर खूप ग्राहकांना लावलेला होता. अशा नंबरांचा गैरवापर होतो, म्हणून सिस्टीम त्यांना संशयित धरते. गेल्या महिन्यात ते सगळे आपोआप निघाले.”

“मी संशयित?”

“तुम्ही नाही काका. नंबर.”

“मग त्या लोकांना कोणी सांगितलं, की बाबांनो, तुमचा नंबर काढला, दुसरा द्या?”

“ॲपमध्ये सूचना आली असेल.” हे बोलताना त्याचा आवाज खाली गेला. त्या गावात ॲप किती जणांकडे आहे हे त्यालाही माहीत होतं.

मी विचारलं, कालच्या दुपारचं काय दिसतं? त्याने फीडर उघडून दाखवला. हिरवा होता. पूर्ण महिना हिरवा.

“काल दुपारभर लाइन नव्हती साहेब.”

“ते पूर्वनियोजित होतं काका. पूर्वसूचना देऊन बंद केलं तर त्याला खंड धरत नाहीत.”

“सूचना कोणाला दिली?”

“सिस्टीमने दिली,” तो म्हणाला, आणि पडदा पुन्हा आपल्याकडे वळवला. नंतर म्हणाला, “काका, नियमाप्रमाणे सिस्टीमने बरोबरच केलं आहे. मी काय लिहू, तुम्हीच सांगा.”

मान धरायला आलो होतो, तर तिथे मानच नव्हती. पूर्वी हुकूम देणारा साहेब ओरडायचा, शिव्या द्यायचा, पण तो तारेच्या दुसऱ्या टोकाला तरी असायचा. त्याला खोटं बोलून थांबवता यायचं. या पडद्याला कोणतं खोटं सांगायचं? मी पाणी प्यायलो आणि निघालो. दारापर्यंत तो पोचवायला आला. त्याचा राग करायचा मी खूप प्रयत्न केला, जमलं नाही.

चाचांच्या घरी बायाबापड्यांची गर्दी ओसरली होती. नसीमने मला आत नेलं. यंत्र कोपऱ्यात होतं, त्यावर तिने ओढणी टाकली होती. मी तिला समजावायला लागलो. नंबर कसा निघाला, सूचना कशी कोणालाच गेली नाही, तक्रार कुठे करायची, अर्ज मी लिहून देतो, वकील बघू. मी भराभर बोलत होतो. चूक कोणाची आहे हे तिला एकदा नीट कळलं की माझी छाती हलकी होणार होती, हे आता लिहिताना मला दिसतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “काका, अब्बाचा दम वाढला तवा फोन तं म्याही केला. हात सवयीनं उपकेंद्राच्याच नंबरवर गेला. वाजत राह्यला.”

“मला का नाही केलास? पुसदला?”

“करत होती. लाइन गेल्याबरोबर तुमाले लावत होती.” तिने ओढणीचं टोक पिरगाळलं. “अब्बानंच नाई लावू देल्ला. म्हणे, राऊतचा फोन आलता का? म्या म्हटलं, नाई. तं म्हणे, मंग कायले त्याले तरास देतं, बैस. मोठं काम असतं तं त्यानं सांगतलं असतं. दोन मिनटात येते लाइन.”

मग त्या दुपारी बापलेक दोघं बसून राहिले. नसीम दारात उजेडाला बसून एका ब्लाउजला हुक लावत होती, आणि चाचा उशीला टेकून पंख्याकडे पाहत होते, तो आता फिरेल म्हणून.